पैसा गेला तर जाऊ दे, पोरं वाचवू या

ब्रिटनमधल्या आशियाई घरांत जुगार कमी खेळला जातो. २०१० च्या राष्ट्रीय पाहणीत तिथल्या १०० पैकी ७३ प्रौढांनी वर्षभरात एकदा तरी कशावर तरी पैसे लावले होते, लॉटरीच्या तिकिटापासून घोड्यांपर्यंत. आशियाई वंशाच्या लोकांत हे प्रमाण बरंच खाली होतं. हे वाचून आपल्यातल्या अनेकांना बरं वाटेल, संस्कार टिकले असं कुणी म्हणेलही. पण खेळणाऱ्यांपुरतंच पाहिलं तर चित्र उलटं होतं. कर्जात, खोटेपणात आणि निराशेत रुतलेल्यांचा वाटा आशियाई आणि कृष्णवर्णीय खेळणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा जास्त निघतो. डेव्हिड फॉरेस्ट आणि हेदर वॉर्डल यांनी ब्रिटनमधल्या आशियाई समाजांविषयी २०११ मध्ये हेच मांडलं, आणि नंतरच्या पाहण्यांतही ते पुन्हा पुन्हा समोर आलं. आपल्यात खेळणारे थोडे, पण खेळतात त्यांच्यात बुडणारे फार.

त्या थोड्यांसाठी मी हे लिहितो आहे. लेस्टर, कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम, शेफील्ड, पूर्व लंडन इथे शिकायला आलेली, किंवा शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात थांबलेली अठरा ते पंचविशीतली मुलं. त्यात आपली मराठी मुलं आहेत. त्यांचे आईवडील सांगलीत, नाशकात, लातुरात, ठाण्यात आहेत, आणि मुलगा रात्री दोन वाजता मोबाइलवर काय करतो याची त्यांना कल्पना नाही. इंग्लंडमधल्या मराठी मंडळांना आणि महाराष्ट्रातल्या या आईवडिलांना मला हात जोडून काही सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. एखाद्या समाजातले तरुण जुगारात जास्त बुडतात म्हटलं की लोक लगेच रक्त, स्वभाव, ‘त्यांच्यात असतंच ते’ असं बोलू लागतात. हे खोटं आहे. न्यूझीलंडमध्ये जुगाराची हानी माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांना सर्वाधिक सोसावी लागते, आणि तिथे पैसे गिळणारी ‘पोकी’ यंत्रं सर्वांत दाट आहेत ती गरीब वस्त्यांत. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये दुकानांचा नकाशाच मांडला. देशातली २१ टक्के जुगार-दुकानं सर्वांत गरीब दहाव्या हिश्श्यातल्या वस्त्यांत होती, सर्वांत श्रीमंत दहाव्या हिश्श्यात फक्त २ टक्के. आता विचारा, नवा आलेला विद्यार्थी खोली कुठे घेतो? जिथे भाडं कमी तिथे. स्थलांतरितांची वस्ती कुठे असते? तिथेच. ज्या रस्त्यावर भारतीय किराणा आणि हलाल खाटीक आहे, त्याच रस्त्यावर बेटिंगची तीन दुकानं आहेत. मुलाचा वंश कुठलाही असो, दुकान त्याच्या वाटेवर आणून ठेवलेलं आहे.

मग वयाचा भाग येतो. आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो, हे आता सरकारंही मान्य करतात. ब्रिटनने ऑनलाइन स्लॉटवर, म्हणजे फिरत्या चित्रांच्या जुगारावर, एका फेरीला लावता येणाऱ्या रकमेवर २०२५ मध्ये मर्यादा घातली. पंचवीस आणि त्यावरच्या वयाच्यांना ५ पौंड, आणि १८ ते २४ वयाच्यांना फक्त २ पौंड. ज्या देशात अठराव्या वर्षी मतदान करता येतं आणि दारू विकत घेता येते, त्या देशाने जुगाराच्या बाबतीत मात्र चोवीस वर्षांच्या माणसालाही जपायचं ठरवलं. आपल्याकडे गोवा सरकारने २०२० मध्ये मांडवी नदीतल्या कॅसिनोंचे दरवाजे खुद्द गोवेकरांनाच बंद केले, पाहुण्यांना मात्र उघडे ठेवले. आपली माणसं तिथे जाऊ नयेत, हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्यांच्या मुलांविषयी ते तेवढे हळवे नसतात.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. सांगलीजवळच्या गावचा, बावीस वर्षांचा. जमिनीचा तुकडा तारण ठेवून पंचवीस लाखांचं कर्ज काढलेलं. व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे वेअरहाऊसमध्ये दोन शिफ्ट आणि शनिवारी एका हॉटेलात भांडी. खोलीत आणखी तिघं, कुणाशी फारशी ओळख नाही. हप्ता रुपयांत, पगार पौंडांत. प्रत्येक पौंडाचे तो मनात रुपये करतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या पोटात खड्डा पडतो. गावी सगळ्यांना वाटतं की पोरगा लंडनला आहे, म्हणजे सुटला.

हा मुलगा मौजेसाठी खेळत नाही. पुढच्या फीच्या हप्त्यात ४०० पौंड कमी पडतात म्हणून तो पैसे लावतो. पहिल्या आठवड्यात थोडे जिंकतो, आणि तेच घातक ठरतं. नंतर हरतो. हरलेले भरून काढायला पुन्हा लावतो. जुगाराची सगळी यंत्रणा या एका ‘भरून काढण्या’वर जगते. अडचणीतून सुटायचा मार्ग म्हणून खेळणारा माणूस करमणूक म्हणून खेळणाऱ्यापेक्षा लवकर आणि खोल बुडतो, हे जगभरच्या अभ्यासात दिसतं. नवख्या देशातल्या तरुणाकडे करमणुकीसाठी खेळण्याइतकी फुरसतच नसते, तो जवळपास नेहमीच सुटकेसाठी खेळतो. त्यात कुणी रस्त्यावर ‘परत जा’ म्हणून ओरडलेलं असतं, कामावर सुपरवायझर अपमान करतो, मुलाखतीला बोलावणं येत नाही. वंशभेदाचे असे अनुभव आलेल्यांपैकी काही जण त्रास विसरायला जुगाराकडे वळतात, हे ब्रिटनमधल्या अल्पसंख्य समाजांशी बोलून केलेल्या अभ्यासांत नोंदलेलं आहे. जुगार तेवढ्या वेळापुरतं डोकं सुन्न करतो, आणि त्याला तेवढंच हवं असतं.

रात्रीची वेळही विसरू नका. हॉटेलात, टेकअवेत काम करणारे चिनी आणि बांगलादेशी कामगार रात्री उशिरा सुटतात तेव्हा शहरात कॅसिनोखेरीज फार काही उघडं नसतं, हे तिथल्या अभ्यासकांनी पूर्वीच टिपून ठेवलं आहे. आत ऊब असते, खायला मिळतं, आपल्यासारखी माणसं दिसतात, आणि दारात कुणी ‘तू कोण’ असं विचारत नाही. एकट्या मुलाला हे सगळं एका ठिकाणी देणारी दुसरी जागा त्या शहरात आपण उभी केली आहे का?

आणि आता दुकानापर्यंत चालत जायचीही गरज उरलेली नाही. २००७ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये जुगाराच्या जाहिराती टीव्हीवर मोकळ्या झाल्या. तेव्हापासून फुटबॉल पाहणं म्हणजे बेटिंगच्या जाहिराती पाहणं. प्रीमियर लीगच्या संघांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर शर्टच्या छातीवरून ही नावं काढायचं मान्य केलं, पण बाही आणि मैदानाभोवतीचे फलक तसेच राहिले. मोबाइलवर सामना चालू असताना पुढच्या षटकावर, पुढच्या चेंडूवर पैसे लागतात. आयपीएल चालू असताना तिथल्या दक्षिण आशियाई तरुणांवर या जाहिरातींचा मारा होतो. ऑनलाइन स्लॉटचा वेग तर असा होता की नियामकाला २०२१ मध्ये एका फेरीला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत असा नियम करावा लागला. अडीच सेकंद! श्वास घ्यायलाही तेवढाच वेळ लागतो. हरलेल्या फेरीतही दिवे लावून, संगीत वाजवून जिंकल्यासारखं भासवायचं (ब्रिटनच्या ऑनलाइन स्लॉटमध्ये २०२१ पर्यंत हे चाले), जिंकता जिंकता राहिलं असं चित्र दाखवायचं, थांबलेल्याला ‘फ्री बेट’ पाठवून परत ओढायचं, हे त्या धंद्याचं तंत्र आहे. वर्षाला १५ अब्ज पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्या उद्योगासमोर आपला बावीस वर्षांचा पोरगा एकटा बसलेला असतो. तो मूर्ख नाही. त्याला हरवण्यासाठीच हे सगळं काळजीपूर्वक बांधलेलं आहे.

आपल्याकडून निघालेला मुलगा तरी कोरा असतो का? तो बारावीत असल्यापासून फँटसी क्रिकेटच्या जाहिराती पाहत आलेला आहे. त्याचे आवडते खेळाडू त्याला पडद्यावरून ‘टीम बनव’ म्हणत होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तोपर्यंत भारतीय संघाच्या जर्सीवर याच धंद्यातल्या एका कंपनीचं नाव होतं. कायद्यानंतर ते उतरलं. पण ज्या मुलाला ही सवय इथे लागली, तो विमानाने अशा देशात उतरतो जिथे हे सगळं अठराव्या वर्षापासून कायदेशीर आहे आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर आहे.

इथवर आपण परिस्थितीबद्दल बोललो. आता आपल्याबद्दल बोलावं लागेल, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्या घरांत जुगाराची लाज आहे. ही लाज दाराच्या कडीसारखी आहे. बाहेर असलेल्या मुलाला ती आत शिरू देत नाही, म्हणून आपल्यात खेळणारे कमी. पण एकदा मुलगा आत गेला की तीच कडी आतून लागते आणि त्याला बाहेर येऊ देत नाही. गोऱ्या घरातला मुलगा हरला तर मित्राला सांगू शकतो, कारण त्याचे बाबाही शनिवारी घोड्यांवर पैसे लावतात. आपला मुलगा कुणाला सांगणार? वडिलांना सांगितलं तर ते कोसळतील. चुलत्याला सांगितलं तर गावभर होईल. बहिणीचं लग्न ठरायचं आहे. म्हणून तो खोटं बोलतो, लॅपटॉप चोरीला गेला म्हणतो, विद्यापीठाने फी वाढवली म्हणतो, खोलीतल्या मुलाकडून उसने घेतो. वर्षभराने कुणाला कळतं, तेव्हा कर्ज काही हजार पौंडांचं असतं, परीक्षा बुडालेली असते, आणि मुलगा जगण्याच्या कडेला आलेला असतो.

हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०२३ मध्ये सुधारलेल्या अंदाजानुसार जुगाराशी जोडलेल्या आत्महत्या तिथे दरवर्षी ११७ ते ४९६ या दरम्यान होतात. अशाच एकाचे, शेफील्डच्या चोवीस वर्षांच्या तरुणाचे आईवडील गप्प बसले नाहीत. २०१७ मध्ये मुलगा गेल्यावर त्यांनी ‘गॅम्बलिंग विथ लाइव्ह्ज’ ही संस्था उभारली, तशाच इतर कुटुंबांना एकत्र आणलं, आणि २०२२ च्या चौकशीत मृत्यूला जुगाराचा आजार कारणीभूत होता, उपचारांची सोयही तोकडी होती, हे नोंदवून घेतलं. ते दोघं उघडपणे बोलले म्हणून देशातली धोरणं हलली. आपल्या समाजातून असं कुणी उभं राहिलेलं मला आठवत नाही. आपल्यातही पोरं गेली असतील, पण आपण कारण वेगळं सांगितलं असेल.

लाज सगळ्यांना सारखी नसते, हेही सांगायला हवं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आलेला दलित वस्तीतला मुलगा घ्या. घराण्यातला परदेशी गेलेला तो पहिला असतो, आणि त्याच्या जाण्याचा फलक चौकात लागलेला असतो. तो चुकला तर ‘शेवटी आपली लायकी दाखवलीच’ असं म्हणायला जग टपलेलं आहे, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. मुलींचंही तसंच. मुलगी पैसे हरली हे ऐकायची आपली तयारीच नाही, त्यामुळे ती मोबाइलवर बिंगो किंवा स्लॉट खेळते आणि कुणालाच कळत नाही. मुंबईतल्या मोहल्ल्यातून गेलेल्या मुस्लिम मुलासाठी जुगार ही धर्मानेच निषिद्ध गोष्ट आहे, म्हणून त्याची लपवाछपवी आणखी खोल. मंडळाच्या गणपतीत ज्याला परकं वाटतं, जिथे आडनाव विचारून बोलणं बदलतं, तिथे तो मुलगा आपलं गुपित घेऊन येणार नाही. म्हणून ही हाक एकट्या महाराष्ट्र मंडळांना पुरत नाही. आंबेडकरी-बौद्ध संघटना, मशिदींची मंडळं, चर्चेस, गुरुद्वारांच्या शेजारी राहणारी मराठी कुटुंबं, सगळ्यांनी यात यायला हवं. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं, ते तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी धरलेल्या नेटामुळे. तो नेट याही कामाला लागू शकतो.

एवढं सगळं पेलण्याची ताकद आपल्यात आहे, असं मला ठामपणे वाटतं, कारण हे आपण पूर्वी पाहिलेलं आहे.

गिरणगाव आठवा. कोकणातून, घाटावरून आलेले तरुण पोरगे परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत वीस-वीस जण राहत. बायको-मुलं गावी, हातात पगार, जेवण खानावळीत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या आकड्यांवर लागणारा सट्टा या गिरण्यांच्या शहरात मुरलेलाच होता. ते आकडे येणं बंद झाल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि नंतर रतन खत्री यांनी मटका उभारला, आणि ‘ओपन-क्लोज’ हे शब्द चाळीचाळीत रुळले. घरापासून दूर, एकटा, तरुण, हाती रोख आणि डोक्यावर गावाकडची ओढ. लेस्टरच्या आजच्या मुलात आणि लालबागच्या त्या मुलात फरक आहे तो कपड्यांचा. कित्येक घरं मटक्याने धुऊन नेली, हे खरं. पण कित्येक पोरं वाचलीसुद्धा, आणि ती उपदेशाने वाचली नाहीत. गावकऱ्यांची खोली होती. तिथे गावचाच एखादा वडीलधारा असे, पगाराच्या दिवशी पोराचे पैसे स्वतःकडे घेऊन मनिऑर्डर करणारा. खानावळवाली बाई होती, पोरगा दोन दिवस जेवायला आला नाही की ‘कुठे आहे रे तो’ म्हणून विचारणारी. पोरगा हरला तर शिव्या बसत, पण खोलीतून हाकलत नसत.

आज वाचवायचं आहे ते हे. शहरातल्या एकट्या मुलावर कुणाचं तरी लक्ष असणं, आणि तो चुकला तरी त्याची जागा शाबूत असणं. आपल्या घरांतला जुगाराबद्दलचा संयम मला प्यारा आहे, तो टिकवायलाच हवा. पण एकट्या लाजेच्या जोरावर तो टिकणार नाही. तो टिकेल माणसांच्या जोरावर.

आईवडिलांनो, मुलगा निघण्याआधी त्याच्याशी जुगाराबद्दल बोला. ‘खेळू नकोस’ एवढं बोलून थांबू नका. ‘कधी हरलास, कर्ज झालं, तर पहिला फोन मला कर, मी ओरडणार नाही’ हे त्याला शब्दांत सांगा, आणि तो फोन आला तर खरंच ओरडू नका. फी शक्य तेवढी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. पैशांची मागणी वारंवार येऊ लागली, कारणं बदलत राहिली, मुलगा व्हिडिओ कॉल टाळू लागला, रात्रभर जागा दिसू लागला, तर शांतपणे विचारा. आणि कळलं की तो अडकला आहे, तर घाईने सगळं कर्ज फेडून विषय मिटवू नका. मोकळ्या हाताने तो पुन्हा तिथेच जाण्याचा धोका फार असतो, हे या आजारातून गेलेली कुटुंबं सांगतात. आधी उपचार सुरू होऊ द्या, पैशांचे व्यवहार कुणातरी विश्वासाच्या माणसाकडे जाऊ द्या, मग कर्जाचा हिशोब करा. पैसा गेला तर जाऊ दे. शेतीचा तुकडा परत घेता येतो.

मुलांनो, तुमच्याशी वेगळं बोलतो. तुम्ही अडकला असाल तर तुम्ही वाईट नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुम्ही व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला आहे, विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ७७६ पौंड, त्यामुळे एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तुमची आहे. इंग्लंडमध्ये एनएचएसची पंधरा जुगार-उपचार केंद्रं आहेत, तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः संपर्क करता येतो आणि दुभाषा मागता येतो. उपचार घेतल्याने व्हिसा जात नाही. फी बुडाली, हजेरी बुडाली तर मात्र जाऊ शकतो, म्हणून लवकर बोला. ‘गॅमस्टॉप’वर एकदा नाव नोंदवलं की ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना तुम्हाला बंद करावं लागतं, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. बहुतेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये जुगाराचे व्यवहार अडवायचं बटण असतं, ते आत्ता दाबा. ०८०८ ८०२० १३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे, चोवीस तास चालू असते. जगणं नकोसं वाटत असेल तर ११६ १२३ वर समॅरिटन्सना लावा, आणि भारतात असाल तर १४४१६ वर टेलि-मानसला. विद्यापीठाचा समुपदेशक तुमच्या घरी फोन करणार नाही.

आणि इंग्लंडमधल्या आपल्या माणसांनो, सर्वांत मोठी जबाबदारी तुमच्यावर आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे. त्यानंतर शहराशहरांत मंडळं झाली. आपण गणपती बसवतो, नाटकं आणतो, दिवाळी पहाट करतो, आणि ते उत्तम करतो. त्याच्या जोडीला हे काम घ्या. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये जुगार कंपन्यांकडून सक्तीचा कर घेतला जातो आहे, वर्षाला सुमारे १० कोटी पौंड. त्यातला निम्मा उपचारांसाठी, ३० टक्के प्रतिबंधासाठी आणि २० टक्के संशोधनासाठी आहे. तोपर्यंत मदतीचा पैसा मुख्यतः ‘गॅम्बलअवेअर’ ही संस्था वाटत होती. नव्या व्यवस्थेत तिचं काम सरकारी यंत्रणांकडे जातं. अशा बदलात लहान समाजांत, त्यांच्या भाषेत चालणारी कामं पहिल्यांदा सुटून जातात, कारण त्यांच्या वतीने निर्णयाच्या बैठकीत कुणी बसलेलं नसतं. पंजाबी, बंगाली, गुजराती संघटनांबरोबर एकत्र या आणि मागणी करा की प्रतिबंधाच्या त्या पैशातला वाटा आपापल्या भाषांत, आपापल्या वस्त्यांत पोचला पाहिजे. तुमच्या खासदाराला पत्र लिहा, तुम्ही मतदार आहात. आपल्या रस्त्यावर नव्या बेटिंग दुकानाच्या परवान्याचा अर्ज आला की स्थानिक परिषदेकडे हरकत नोंदवा, तो तुमचा हक्क आहे. पुढच्या पाहण्यांत ‘आशियाई’ असा एकच रकाना न ठेवता भारतीय विद्यार्थी, बांगलादेशी कामगार, चिनी विद्यार्थी असे वेगळे मोजले जावेत, हेही मागा. आपली मुलं कुठे बुडतात हे वेगळं मोजल्याशिवाय कळणार नाही.

पत्रं, मागण्या यांना वेळ लागेल. तोवर करता येण्यासारखी गोष्ट छोटी आहे. नवे विद्यार्थी सप्टेंबरात येतात, त्याच्या आसपासच आपले गणपती असतात. उत्सवाची पहिली बैठक जून-जुलैत होते. यंदाच्या त्या बैठकीत वर्गणी आणि प्रसादाच्या आधी हा विषय घ्या. मंडळातून दोन माणसं निवडा, एक बाई आणि एक पुरुष, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते आणि ज्यांना कुणाचं आडनाव ऐकून फरक पडत नाही. त्यांना हानी ओळखायचं, पुढे कुठे पाठवायचं याचं प्रशिक्षण घेऊ द्या. त्यांची नावं आणि नंबर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत टाका, आरतीनंतर एकदा माइकवरून मराठीत सांगा की पैशांच्या अडचणीत, जुगारात कुणी अडकलं असेल तर या दोघांना फोन करा, आम्ही विचारणार नाही, सांगणार नाही, बाहेर काढायला मदत करू. आठवड्यातून एका रात्री, दहानंतर, हॉल उघडा ठेवा, चहा आणि पिठलं-भाकरी असू द्या, कॅरम असू द्या. पहिल्या महिन्यात कदाचित कुणी येणार नाही. तरी हॉल बंद करू नका, तिसऱ्या महिन्यात येतील. मागच्या वर्षी आलेल्या मुलांपैकी कोण दिसेनासं झालं आहे त्याची यादी काढा आणि त्यांना आजपासून एकेक फोन लावायला घ्या.